तळ्याला मॅचिंग

सोलापूरच्या नवी पेठेत मॅचिंग सेंटरं काय कमी आहेत? पण साडीला ब्लाउजपीस मिळेना म्हणून एखादी बाई रडकुंडीला आली, की शेजारचे दुकानदारच तिला सांगतात, "गिरिजाबाईंकडं जावा." आठ बाय दहाचं दुकान. गल्ल्यावर सिद्धलिंगप्पा, काउंटरमागं त्यांच्या सौभाग्यवती गिरिजाबाई, आणि गिरिजाबाईंच्या मागं थेट छतापर्यंत रचलेले रंग. डाळिंबी, अंजिरी, अमसुली, वांगी, गजरी, पोपटी, शेवाळी. हिरव्याच्याच एकोणीस जाती. काउंटर आणि कपाट यांच्यामधल्या दोन फुटांत गिरिजाबाईंनी पस्तीस वर्षं काढली. वयाबरोबर त्या रुंद झाल्या आणि जागा तेवढीच राहिली, म्हणून हल्ली त्या आडव्या होऊन चालायच्या. पण तक्रार? छे! रंगांत त्यांचा जीव रमायचा.

"ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो," असं त्या म्हणत. साडीचा पदर आणि पीस घेऊन त्या दुकानाच्या पायरीवर यायच्या, दोन्ही उन्हात धरायच्या, मग कमरेतून वाकून, मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून बघायच्या. "हा निळसर चिंतामणी नव्हे बाई, हा हिरवट रामा. न्या बिनघोर." पस्तीस वर्षांत एक पीस परत आला नाही. त्या वाकण्यावर आख्ख्या पेठेचा विश्वास होता.

सिद्धलिंगप्पांची तऱ्हा निराळी. दुकानात "नाही" म्हणायचं नाही, हे त्यांचं व्रत. गिऱ्हाइकानं इंद्रधनुष्यातला आठवा रंग मागितला तरी ते म्हणायचे, "बसा की, बघू. मिळेल." मग दुकानात दिवसभर न वापरलेले सगळे "नाही" ते घरी घेऊन यायचे. सिनेमा? बेडा. महाबळेश्वर? बेडा. सुनेनं म्हटलं नवा फ्रिज घेऊ, तर बेडा, बेडा! कानडीत बेडा म्हणजे नको. बाळीवेशीतल्या त्यांच्या घरात हा शब्द भिंतीवरच्या घड्याळासारखा तासातासाला वाजत असे.

आणि पाण्याचं तर विचारूच नका. अक्कलकोटच्या पलीकडच्या कोरड्या गावात जन्मलेला माणूस. पाणी घागरीत असावं, फार तर पिंपात, त्यापुढचं पाणी आपलं नव्हे, असं त्यांचं ठाम मत. तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळात जायचे तेही पाण्याकडं पाठ करून. ज्या शहरात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, तिथं पाण्याला भिणं म्हणजे शेजारी नसताना शेजाऱ्याशी भांडण्यासारखं. पण भीतीला कुठं अक्कल असते?

तर अशा घरात हा प्रकार घडला, आणि घडला तो सुनेमुळं.

सून श्रीदेवी एका बँकेत कामाला. तिला मोबाईलवर कुठंसं दिसलं की तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या तलावावर कुणी जोतिराम म्हणून माणूस रविवारी सकाळी कयाक चालवायला शिकवतो. कयाक म्हणजे लांबट, अरुंद, प्लॅस्टिकची होडी. एका माणसानं पाय लांब करून बसायचं आणि दोन तोंडांच्या वल्ह्यानं हाकायची. नवरा, म्हणजे गुरु, चिंचोळीच्या कारखान्यात ड्युटीवर. एकटी कशी जाऊ, म्हणून श्रीदेवी सासूला म्हणाली, "आत्या, चला की. तुम्ही नुसतं काठावर बसा, माझी पर्स धरा."

"तुझ्या मामांना काय सांगायचं?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"देवळात जातो म्हणून."

गिरिजाबाईंनी कानाला हात लावला. मग तोच हात साडीच्या निऱ्यांना लावला आणि स्कूटीवर मागं बसल्या.

काठावर बसून त्यांनी पर्स धरली ती जेमतेम दहा मिनिटं. थंडीचे दिवस, तलाव काठोकाठ, पाण्यावर पांढरी वाफ. आणि त्या वाफेतून आपली सून पिवळ्या होडीत बसून खिदळत चाललेली! जोतिराम जवळ आला. मंगळवेढ्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, चाळिशीला टेकलेला गडी. आठ वर्षं एमआयडीसीत मशीन चालवून कंटाळला आणि सहा कयाक घेऊन इथं येऊन बसला.

"काकू, बसता का?"

"नको रे बाबा."

"बसा की."

"नको, नको. माझं वय काय."

"वय हितं कोन इचारतंय? वजन तेवडं सांगा."

आपल्याकडं चहाला तीनदा नको म्हणायची पद्धत आहे. गिरिजाबाईंनी ती पाळली आणि चौथ्यांदा उठल्या. गळ्यातलं इष्टलिंग लाइफ जॅकेटच्या आत नीट बांधून घेतलं. दुकान उघडताना उंबऱ्याला करतात तसा होडीला हात लावून नमस्कार केला. मग साडीचा कासोटा मारून, एका बाजूला जोतिराम आणि दुसऱ्या बाजूला श्रीदेवी धरून, त्या त्यात एकदाच्या बसल्या. बसल्या म्हणजे ओतल्या.

"पाय लांब करा. पाठ ताट ठिवा. आन ध्यानात ठिवा काकू, होडी म्हंजी मेंढरू हाय. वढू नका, बडवू नका. कडंनं हलकं हाकायचं."

आणि ढकललं त्यानं.

अगंगंगं! गिरिजाबाई निघाल्या की! आजूबाजूला काउंटर नाही, कपाट नाही, गिऱ्हाईक नाही. दोन्ही हात पसरले तरी कशाला लागेनात! पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी वल्हं मारलं, आणि होडी गोल फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा गोल. रोज शंभर वेळा टर्रकन कापड फाडून उजवा हात झाला होता पैलवान, आणि डाव्याला आयुष्यात काही कामच नव्हतं. जात्यासारख्या त्या एकाच जागी गरगरत होत्या आणि मोठमोठ्यांदा हसत होत्या. श्रीदेवीनं सासूला असं हसताना पाहिलं नव्हतं. ती आधी घाबरली, मग तीही हसायला लागली.

"काकू, डावा हात काय नवसाचा ठिवलाय का?" काठावरून जोतिराम ओरडला.

त्या दिवशी घरी येऊन गिरिजाबाईंनी भाकरी थापताना दोनदा आपोआप हसून घेतलं. "देव पावला वाटतं," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "पावला," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि त्यात खोटं काय होतं?

पुढच्या रविवारी पुन्हा देऊळ. या वेळी श्रीदेवीचा पंजाबी ड्रेस चढवून, वर शाल पांघरून. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा पायांना असं मोकळं वाटलं. डावा हात जागा झाला, होडी सरळ जाऊ लागली. तिसऱ्या रविवारी तर त्या पार मध्यापर्यंत गेल्या, आणि तिथंच घात झाला.

सूर्य दोन कासरे वर आला होता. उन्हाची तिरीप पाण्यावर पडली आणि पाण्याचा रंग बदलला. गिरिजाबाईंचं वल्हं थांबलं. मोरपंखी? छे, मोरपंखी एवढा गप्प नसतो. रामा? रामात पिवळं असतं, ह्यात नव्हतं. चिंतामणीच्या जवळ जातोय म्हणावं तर खाली कुठंतरी अमसुलीची झाक. हा काय रंग म्हणायचा? कपाटातला एकेक खण त्यांच्या डोळ्यांपुढून गेला, एकही जुळेना. मग पस्तीस वर्षं जे केलं तेच शरीरानं आपोआप केलं. उन्हात नीट बघायला म्हणून त्या कमरेतून वाकल्या, मान तिरकी केली आणि एक डोळा बारीक केला.

दुकानाची पायरी दगडाची होती. कयाक नव्हती.

धबाक्!

पाण्याखाली पहिला हात गेला गळ्यातल्या लिंगावर. ते जागेवर होतं. दुसरा विचार करायच्या आत जॅकेटनं त्यांना तेलातल्या पुरीसारखं टम्मकन वर आणलं. जोतिराम वल्हं मारत धावला, पाठोपाठ श्रीदेवी, तोंडचं पाणी पळालेली.

"काय झालं काकू? कशी उलटली?"

"रंग बघत होते."

"कसला रंग?"

"पाण्याचा की!"

जोतिरामनं कपाळाला हात लावला. "हितं मोबाईलवर फोटो काडताना पडल्याली लई बगितली. एक जोडपं भांडता भांडता पडलं. रंगापायी पडल्याल्या तुमी पयल्या."

आता खरी गोष्ट. ओल्या कपड्यांत दोघी घरी आल्या तेव्हा सिद्धलिंगप्पा दारातच वर्तमानपत्र घेऊन उभे. शालीतून टपटप पाणी, केसांत शेवाळ, अंगात सुनेचा ड्रेस.

"देवळात एवढं तीर्थ कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

श्रीदेवी मुकाट्यानं आत सटकली. गिरिजाबाईंना खोटं पचत नसे. त्यांनी उंबऱ्यावर उभं राहून सगळं सांगून टाकलं, पहिल्या रविवारपासून शेवाळापर्यंत. सिद्धलिंगप्पांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "अय्यय्यो! तळ्यात? तू? पोहता येत नाही तुला!"

"जॅकेट असतं की अंगात. बुडायचं म्हटलं तरी बुडू देत नाही."

"आणि पडलीस कशानं?"

"पाण्याचा रंग बघायला वाकले."

आता बघा माणसाची गंमत. बायको तळ्यात पडली याचा राग एका बाजूला राहिला, आणि आतला दुकानदार उसळून वर आला. "पाण्याला कसला आलाय रंग? राखाडी! राखाडी बघायला वाकलीस? खालच्या खणात तीन गठ्ठे पडलेत राखाडीचे!"

"राखाडी नाही तो."

"मग कुठला?"

"तेच कळलं नाही म्हणून तर वाकले!"

दोन दिवस नवराबायको फक्त गिऱ्हाइकांमार्फत बोलले. "बाई, मागच्यांना म्हणावं लाल अस्तर द्या." तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना गिरिजाबाईंनीच तोंड फोडलं.

"अहो, पस्तीस वर्षांत मी काय मागितलं?"

काही मागितलं नव्हतं हे सिद्धलिंगप्पांनाही ठाऊक होतं. मागायच्या आधीच बेडा यायचा.

"मला ते आवडलंय," गिरिजाबाई म्हणाल्या. "दागिना नको, यात्रा नको. रविवारची सकाळ द्या. तिथं गेले की मला माझी मीच सापडते हो."

सिद्धलिंगप्पांनी बराच वेळ कात्रीची उघडझाप केली. नाही म्हणायचं होतं, पण दुकानात होते ना! इथं तो शब्द काढायचा कसा? शेवटी त्यांनी दुकानदारी मार्ग काढला. ड्रॉवरमधल्या राणी रंगाच्या कापडाची हातभर पट्टी फाडून काउंटरवर ठेवली. राणी म्हणजे तो झगझगीत गुलाबी, मैलावरून दिसणारा.

"येत्या रविवारी मी येतो. तू एकटीनं समोरच्या काठाला जायचं, तिथं झाडाला ही पट्टी बांधायची, मला अलीकडून दिसली पाहिजे. आणि परत यायचं. कुणी हात लावायचा नाही. जमलं तर मी जन्मात त्यावर बोलणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"पडलीस तर संपलं. पुन्हा पाण्याचं नाव काढायचं नाही. घे सिद्धरामाची शपथ."

गिरिजाबाईंनी पट्टी उचलली. "घेतली," म्हणाल्या. आता शपथ ती शपथ. सोलापुरात सिद्धरामाची, म्हणजे सिद्धेश्वराचीच, शपथ घेऊन मागं फिरलेला माणूस दाखवा.

मग त्या आठवड्यात दुकानात जी धमाल झाली ती काय सांगू! गिऱ्हाईक नसलं की गिरिजाबाई स्टुलावर पाय लांब करून बसायच्या आणि लोखंडी मीटरपट्टी आडवी धरून हवेत वल्हवायच्या. एक मीटर डावीकडं, एक मीटर उजवीकडं. एकदा पट्टीचा टोला लागून अबोलीचा आख्खा गठ्ठा सिद्धलिंगप्पांच्या डोक्यावर आला. बाळाबाई नावाची एक म्हातारी गिऱ्हाईक चोळीचा खण घ्यायला आली होती, तिनं हळूच विचारलं, "बाई, वात आलाय का?"

"व्हय," गिरिजाबाई म्हणाल्या, "पाण्याचा."

रविवार उजाडला. जोतिरामला श्रीदेवीनं सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "शेजारून मी माज्या होडीत येनार. हात लावनार न्हाय, पर नजर न्हाय हटवनार. ते आप्पांना सांगून ठिवा." सिद्धलिंगप्पा पांढराशुभ्र पायजमा-सदरा, कानाला मफलर, हातात छत्री अशा थाटात आले आणि पाण्यापासून मोजून वीस पावलांवर फोल्डिंगची खुर्ची टाकून बसले. समोरच्या काठावर लांब एक एकटी बाभूळ उभी होती, कडुलिंबाच्या काडीएवढी दिसत होती.

"तिथवर?" त्यांनी विचारलं. आवाज जरा चिरकला.

"तिथवर," गिरिजाबाई म्हणाल्या. राणी पट्टी मनगटाला बांधली, होडीला नमस्कार केला आणि निघाल्या.

मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक वल्हं, एक मीटर. आयुष्यात लाखो मीटर कापड मोजलेली बाई, तिला हजार मीटर पाण्याचं काय? "पन्नास झाले. शंभर. हे दीडशे, ह्यात चार घरांचे पडदे निघाले." शेजारून जोतिराम चालला होता तो हसून हसून स्वतःच डुलायला लागला. अडीचशेला थंडी गेली. चारशेला भीती गेली. पाचशेला वरून चक्रवाकांची जोडी ओरडत गेली आणि गिरिजाबाईंनी तिलाही ओरडून उत्तर दिलं. का दिलं? कोण जाणे! ओरडावंसं वाटलं, ओरडल्या. तिथं कोण ऐकणार होतं?

खरी अडचण पलीकडं होती. काठाला चिखल. होडीतून उतरायचं आणि पुन्हा चढायचं, दोन्ही एकटीनं. जोतिराम दहा हातांवर वल्हं मांडीवर ठेवून बसला होता. "काकू, एकदम उटू नका, मेंढराला टेकावं तसं होडीला टेकून उतरा. आदी एक पाय, मग सावकाश दुसरा." गिरिजाबाईंचा एक पाय घोट्यापर्यंत रुतला, चप्पल चिखलानं गिळली. गेली तर गेली! त्या अनवाणी बाभळीपाशी गेल्या, काट्यांतून हात घालून राणी पट्टी बांधली, दोन गाठी मारल्या आणि दोन्ही हात वर करून नाचल्या. होय, नाचल्या. दोनच उड्या, पण नाचल्या.

अलीकडच्या काठावर सिद्धलिंगप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. "श्रीदेवी, दिसली बघ! राणी! राणी दिसली!" ते छत्री हलवत म्हणाले. मग आपण कुणाच्या बाजूचे आहोत हे आठवून पुन्हा बसले. पण खुर्ची आता पाण्यापासून दहाच पावलांवर होती. कधी सरकली ते त्यांनाही कळलं नाही.

परतताना वारा सुटला, आणि सुटला तो नेमका समोरून. बारीक बारीक लाटा होडीच्या तोंडावर फटाफट बसू लागल्या. दोन मीटर मारावं आणि एक मीटर मागं यावं. गिरिजाबाईंचे खांदे भरून आले. "आता मापात खोट येतीय," त्या धापा टाकत म्हणाल्या. जोतिराम म्हणाला, "हलकं हाका काकू, भांडू नका वाऱ्याशी." त्यांनी भांडण सोडलं. हळूहळू, डावं-उजवं, डावं-उजवं.

आणि मध्यावर तो रंग पुन्हा आला.

उन्हाची तीच तिरीप, तीच जागा. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. चिंतामणी नाही, रामा नाही, खाली ती अमसुलीची झाक, आणि आज वाऱ्यामुळं वर काहीतरी चंदेरी. अहाहा! मान आपोआप तिरकी व्हायला लागली, कंबर सैल झाली. सगळं शरीर म्हणत होतं, वाक, जरा वाक, नीट बघ. गिरिजाबाईंनी दात आवळले. "पुढच्या रविवारी," त्या पाण्याला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येते, तेव्हा बघते तुला." आणि पुढचा रविवार मिळावा म्हणून त्यांनी बाभळीच्या खोडासारखी मान ताठ ठेवली आणि नाकासमोर बघत वल्हं मारलं. एवढा मोठा मोह त्यांनी आयुष्यात दुसरा आवरला नसेल.

काठ जवळ आला. श्रीदेवी टाळ्या पिटत होती. पन्नास मीटर, तीस, वीस. एका साडीएवढंच पाणी आता उरलं होतं, असं म्हणा.

आणि तेव्हा सिद्धलिंगप्पांना काय झालं ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. घरापासून अडवून धरलेली भीती आणि गेल्या तासाभरातला आनंद, दोन्ही एकदम फुटले. "आली! माझी गिरिजा आली!" असं ओरडत तो माणूस, जो देवळातसुद्धा तळ्याकडं पाठ करायचा, तो बुटांसकट, पायजम्यासकट, मफलरीसकट थेट पाण्यात घुसला. गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत. छत्री कुठं, भान कुठं!

"आप्पा, हात लावू नगा! कडंला धरू नगा!" जोतिराम मागून बोंबलला.

पण सिद्धलिंगप्पांनी कड धरली. दोन्ही हातांनी, लेकराला छातीशी धरावं तशी, आणि सगळा भार टाकून आपल्याकडं ओढली.

धबाक्!

आणि पाठोपाठ दुसरं, जरा मोठं, धबाक्!

क्षणभर नुसती उलटलेली होडी आणि तरंगणारी मफलर. मग जॅकेटनं गिरिजाबाईंना वर आणलं आणि त्यांनी सदऱ्याची कॉलर धरून सिद्धलिंगप्पांना वर आणलं. दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. काठावर श्रीदेवीनं तोंडावर हात धरला होता. जोतिरामचं वल्हं हवेतच राहिलं होतं. शपथ सगळ्यांना आठवली होती.

"पडले," गिरिजाबाई म्हणाल्या. हसू कुठल्या कुठं गेलं. जायचं, यायचं, चिखल, वारा, रंगाचा मोह, सगळं जिंकून काठाशी आल्या आणि पडल्या. "पडले मी. शपथ घेतली होती."

आपण पाण्यात आहोत हे सिद्धलिंगप्पांना आत्ता कळत होतं. कमरेएवढं पाणी, चहूकडं पाणी, आणि आपण जिवंत! ते आधी पायांकडं बघत राहिले, मग पाण्याकडं. ऊन सरकत सरकत काठापर्यंत आलं होतं. त्यांनी ओंजळभर पाणी उचललं, सांडू दिलं. पुन्हा खाली बघितलं. मग, दुकानदारच तो, कमरेतून वाकले, मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला. बराच वेळ तसेच राहिले.

"राखाडी नाही गं," ते म्हणाले.

"मग कुठला?"

"चिंतामणी म्हणावं तर..." ते थांबले. छतापर्यंतचे सगळे खण त्यांनीही मनात उघडून बघितले होते. आणि मग ज्या माणसानं पस्तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला जे सांगितलं नव्हतं, ते त्यानं त्या दिवशी भर पाण्यात उभं राहून सांगितलं. "हा रंग आपल्याकडं नाही, गिरिजा."

गिरिजाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. ते भिजलेले, मफलरीविना, आणि डोळ्यांत लहान पोरासारखं नवल. गिरिजाबाईंना एवढं प्रेम दाटून आलं की त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन सरळ त्यांच्या तोंडावर मारलं.

"आणि शपथेचं काय?" त्या म्हणाल्या.

"शपथ 'पडलीस तर' अशी होती," सिद्धलिंगप्पा तोंड पुसत म्हणाले. "तू कुठं पडलीस? मी पाडलं. पाडल्याची शपथ कुणी घेतली होती?" आणि ते जे हसायला लागले ते थांबेनात. गिरिजाबाई हसल्या, श्रीदेवी काठावर मटकन बसून हसली, जोतिराम हसता हसता वल्ह्यावर आडवा झाला. शेवटी सिद्धलिंगप्पा डोळे पुसत त्याला म्हणाले, "अरे जोतिराम, ह्यात दोघांची मिळते का?"

"मिळती की आप्पा. लांबडी हाय, दोन सीटांची."

आता नवी पेठेतल्या त्या दुकानावर पाटी आहे, "रविवारी दुकान अकरा वाजता उघडेल." सिद्धलिंगप्पांनी स्वतःच्या हातानं लिहिली. गिऱ्हाईक विचारतं, सकाळी कुठं असता? ते म्हणतात, "नवा रंग आणायला जातो."

पहिल्याच रविवारी जोतिरामनं त्यांना लांबड्या होडीत बसवलं, पुढं सिद्धलिंगप्पा, मागं गिरिजाबाई, कारण होडी मागचा वळवतो. सिद्धलिंगप्पांनी दोन जॅकेटं मागितली होती, एकच मिळालं. वल्हं धरल्यापासून अखंड बडबड चालू होती. केवढा हा तलाव, किती हे पक्षी, अगं माशानं उडी मारली, बघितलंस का? बाभळीवर राणी पट्टी अजून फडफडत होती, ती त्यांनी दहा वेळा दाखवली. मग होडी मध्यावर आली, ऊन तिरपं पडलं, आणि बडबड एकदम थांबली.

गिरिजाबाईंनी मागून बघितलं. मफलर बांधलेली ती मान हळूच डावीकडं तिरकी झाली. कंबर सैल पडली.

"अहो," त्या म्हणाल्या, "वाकू नका."

"जरासंच, गिरिजा. खाली ती अमसुली दिसतीय का बघतो."

"वाकू नका म्हणते ना!"

पण ते वाकले होते. गिरिजाबाईंनी एका हातानं गळ्यातलं लिंग धरलं, दुसऱ्यानं नाक दाबलं, आणि पाण्यावर पोचायच्या आधीच त्यांना हसू फुटलं.